मृगाच्या पोटातला बाण

पौषातल्या अमावास्येला रात्री खिडकी उघडली आणि मोहोराचा वास आत आला. आजी गेल्यानंतरचा हा पहिलाच मोहोर. पुन्हा झोप लागेना. भाच्याचा कॅमेरा घरात होता. तो आणि तिवई घेऊन सड्यावर गेले.

मोहोराच्या दिवसांत आजी मला खळ्यात घोंगडीवर घेऊन पडायची. बोट वर करून म्हणायची, "ते मृगाचे चार पाय. मधल्या तीन चांदण्या म्हणजे बाण. दिसला गो?" तिचं बोट थरथरायचं. ते नेमकं कुठे रोखलंय, मला कधीच कळलं नाही. मी म्हणायचे, "दिसला."

एक वाजता मृग समुद्राकडे कलला होता. काळोखात कॅमेऱ्याला फोकस सापडेना. पहिल्या फोटोंत चांदण्या कापसासारख्या फुगल्या. मग व्याधाचा तारा पडद्यावर मोठा करून हातानेच फोकस जुळवला. आयएसओ 3200, 20 सेकंद. मृगातला काक्षी तारा तांबूस आला, राजन्य निळसर. आणि बाणाच्या खाली एक गुलाबी डाग. तो तेजोमेघ, तिथे तारे जन्मतात. डोळ्यांना तो रंग दिसत नाही. मला मात्र ती हरणाची जखमच वाटली.

लोकमान्य टिळक आमच्याच रत्नागिरीत 1856 साली जन्मले. वसंतसंपात मृगात होता, त्या काळावरून त्यांनी 1893 च्या 'ओरायन' (म्हणजे मृगच) या ग्रंथात वेदांचा काळ इसवी सनापूर्वी 4000 च्या आसपास नेला. आजीचा मृग पेरणीचा. "जूनमध्ये मृग लागतो, मग तेव्हा तो दिसत का नाही?" असं मी विचारलं होतं. "सूर्यच त्याच्या घरी जातो, मग कसा दिसेल?" ती म्हणाली. खगोलशास्त्राचं इतकं सोपं उत्तर मला पुढे कुठल्याही वर्गात मिळालं नाही.

फोटोच्या तळाशी पांढरी धग आहे, एलईडी लावून मासे ओढणाऱ्या नौकांची. केंद्र सरकारने 2017 सालीच या मासेमारीवर बंदी घातली. छोट्या होडीवाल्यांची मासळी या नौका पळवतात, हा राग जुनाच होता. आता क्षितिजावरच्या चांदण्याही गेल्या.

पण दिवा आमच्या खळ्यातही रात्रभर जळत होता. परतल्यावर तो मालवला. तुम्हीही आज तासभर अंगणातला दिवा मालवा, घरातल्या पोराला बाण दाखवा. ते "दिसला" म्हणालं, तर त्याला म्हणा, आता तू मला दाखव.