वाटेतली वही आणि नंतरची वर्षं

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते काही लिहिण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होतं आणि भिक्षुकीतून ते फिटण्याची चिन्हं नव्हती. बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा भरघोस मिळणार, ही बातमी कोकणापर्यंत पोचली होती. पण महूच्या आसपास येईतो शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण लागली आणि दक्षिणेचा प्रवास भलत्याच वाटेला गेला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा गोडसे शहरातच होते. पुढची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेलं बरंचसं वाटेत लुटलं गेलं. घरी परतताना खांद्यावर आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र होती.

लिहायला ते बसले १८८३च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर. चिंतामण विनायक वैद्यांनी आग्रह धरला म्हणून. मजकूर मोडीत उतरला, पण इंग्रजी अंमलाच्या धाकामुळे तो तसाच राहिला आणि १९०७ साली, गोडसे हयात नसताना, ‘माझा प्रवास’ या नावाने छापला गेला. त्यातही वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली होती, काही भाग गाळला होता. मूळ पाठ वाचकांसमोर यायला १९६६ उजाडलं. तो दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला.

प्रवासात लेखन सुचतं, असं सहज म्हटलं जातं. गोडशांचं पुस्तक वाचताना या म्हणण्यावरचा विश्वास कमी होत जातो. वाटेवर त्यांना सुचत काहीच नव्हतं. जगायचं होतं, पोटाला मिळवायचं होतं. तरीही पंचवीस वर्षांनी त्यांना झाशीच्या राणीचा दिनक्रम तपशिलाने सांगता येतो. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली तहानलेली राणी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी असते. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण सांगताना या वैदिक ब्राह्मणाचा जीव किती तुटला असेल, ते आजही कळतं. तारखांच्या बाबतीत मात्र त्यांचा हिशोब जागोजागी डळमळतो. ज्याचं सारं शिक्षण पाठांतरावर झालं, त्याच्याही स्मृतीने काय राखलं आणि काय सोडून दिलं, ते इथे नेमकं दिसतं. प्रसंग राहिले, माणसं राहिली. दिवस आणि क्रम निसटले.

प्रवासात लिहू पाहणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं. मुक्कामी पोचल्यावर पाय भरून आलेले असतात, डोळे मिटत असतात आणि वहीत पाच-सात ओळींपेक्षा जास्त काही जाणार नसतं. त्या ओळी बहुतेक जण सूर्यास्तावर खर्च करतात. सूर्यास्त लक्षात राहणारच असतो, न राहिला तर दुसरा मिळतो. निसटतं ते वेगळंच: एसटीचं तिकीट किती पडलं, फाट्यावरच्या टपरीवाल्याने गावाचं नाव कसं उच्चारलं, भाकरी ज्वारीची होती की नाचणीची, आधी पूल लागला की देऊळ. अशा नोंदी करताना लेखक असल्यासारखं अजिबात वाटत नाही, दुकानाची खतावणी लिहीत असल्यासारखं वाटतं. चिकाटी लागते ती इथे, रोज रात्री, कंटाळा आलेला असताना. फोनमधल्या शेकडो फोटोंनी हे काम होत नाही. फोटोत देऊळ येतं, पण पुजाऱ्याने काय विचारलं ते येत नाही.

वही असली की काम भागलं, असंही नाही. पॅट्रिक ली फर्मर या इंग्रज लेखकाचं उदाहरण फार बोलकं आहे. डिसेंबर १९३३मध्ये, अठराव्या वर्षी, तो हॉलंडच्या किनाऱ्यावरून कॉन्स्टँटिनोपलला पायी निघाला. म्युनिकमध्ये त्याची पाठपिशवी चोरीला गेली आणि तोवरच्या साऱ्या नोंदी तिच्याबरोबर गेल्या. त्याने नवी वही धरली. पुढे युद्ध आलं. एक वही रुमानियात, त्याच्या प्रेयसीच्या घरी राहिली. तिच्या कुटुंबाला तिथल्या नव्या राजवटीने घराबाहेर काढलं तेव्हा तिने ती वही बरोबर घेतली आणि १९६५ साली ती त्याच्या हाती परत आली. तोवर चालण्यावरच्या एका नियतकालिकातल्या लेखापासून सुरुवात होऊन त्याच्या हातून पुस्तक वाढू लागलं होतं. पहिला खंड १९७७मध्ये निघाला, दुसरा १९८६मध्ये. तिसरा त्याच्याने पुरा झाला नाही. २०११मध्ये तो वारला आणि उरलेला प्रवास दोन वर्षांनी इतरांनी संपादित करून छापला.

यातली मधली गाठ महत्त्वाची आहे. वही परत मिळाल्यावर काम सोपं व्हायला हवं होतं. पण विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने घाईघाईत लिहिलेलं एकीकडे आणि पन्नाशीतल्या माणसाने मनात घडवलेलं दुसरीकडे, ही दोन्ही एका वाक्यात बसेनात. हे दुखणं जुनी डायरी उघडून लिहायला बसलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. वही म्हणते त्या दिवशी पाऊस नव्हता, आणि आठवणीतला सारा प्रसंग तर पावसातच घडलेला असतो!

जपानी कवी बाशोने हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला. १६८९ साली तो सोरा या शिष्याबरोबर उत्तरेकडे पायी निघाला. सुमारे पाच महिन्यांची वाटचाल, पण त्यावरचं छोटंसं पुस्तक तो पुढे १६९४पर्यंत, मृत्यूच्या वर्षापर्यंत, घासत राहिला. सोराची रोजनिशी विसाव्या शतकात उजेडात आली तेव्हा कळलं की बाशोने काही प्रसंग हलवले होते, काही रचले होते. त्याला कोणी खोटारडा म्हणावं असं वाटत नाही. दीडशे दिवसांतून मूठभर पानं उरवायची तर बरंच काही सोडावं लागतं आणि उरलेल्याला नवा क्रम द्यावा लागतो. मात्र सोरासारखा नोंदी ठेवणारा सोबती सगळ्यांच्या नशिबी नसतो. बहुतेकांना सोरा आणि बाशो दोन्ही स्वतःच व्हावं लागतं, आणि तेही वेगवेगळ्या वेळी.

प्रत्येक वेळी वर्षानुवर्षं थांबावं लागतं असं नाही. इरावती कर्वे पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावरचा ‘वाटचाल’ हा त्यांचा लेख आजही ताजा वाटतो. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. पाहता पाहता विचारायची, पडताळायची सवय हाडात मुरलेली. भक्तीच्या त्या ओघात त्या मनापासून मिसळल्या. तरी एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. ते त्यांना खुपलं आणि ते खुपणं त्यांनी लेखात झाकलं नाही. दिवसभर एकच अभंग गाणारे लोक जेवायच्या वेळी दोन का होतात, हा प्रश्न घरी बसून कोणालाही विचारता आला असता. पण तो त्यांच्याबरोबर मैलोन् मैल चालत होता, रोज जेवणाच्या वेळी पुन्हा समोर येत होता आणि ज्या बायका त्यांच्याशी जिव्हाळ्याने बोलत होत्या त्यांचे चेहरे त्याला होते. म्हणूनच त्या लेखात वारीचा गोडवाही खरा वाटतो आणि पंगतीतली भिंतही.