कोळ्याला कोळी

आपल्या मराठीत 'कोळी' हा शब्द मोठा ऐसपैस आहे. मासे धरणारा तो कोळी, माळ्यावर जाळे विणणारा तो कोळी आणि ऋषिपदाला पोचलेला वाल्याही कोळीच! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेला माझा भाचा मात्र हसत नाही. त्याचा कोळी नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. पानामागे बारीक जाळे करून तो रस शोषतो. मग पान तांबूस पडते आणि मण्यांत साखर भरायची राहून जाते.

गेल्या फेब्रुवारीत बागेला पाणी उतरले आणि त्याच सुमारास हा लाल कोळी आला. औषध मारावे, तर तोडणी तोंडावर. अंश राहिला की माल परदेशी जायचा नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षे अडली होती, हे नाशकात कोण विसरेल? न मारावे, तर सूनबाईचे दागिने तारण ठेवून उभी केलेली बाग!

भाच्याने भिंग माझ्या हाती दिले. "मामा, नीट बघा. ह्यांना खाणारेही आलेत." पाहतो तो मोहरीहून लहान, काळाकुळकुळीत ढालकिडा कोळ्यांची अंडी फस्त करीत होता. शेजारी दुसरा एक कोळीच, शिकारी जातीचा, आपल्या जातभाईंचा समाचार घेत होता. भाऊबंदकी म्हणतात ती हीच! जहाल फवारा मारला की हे राखणदार मरतात आणि उरलेले कोळी दुणावलेल्या जोमाने उठतात.

कॅलिफोर्नियाने असेच एकदा भोगले आहे. १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवलेकिडीपासून वाचवल्या. पुढे १९४० नंतरच्या दशकात डीडीटी आले, ढालकिडे मेले आणि गेलेली कीड परतली.

भाच्याने आठ दिवस कळ काढली. धुळीत कोळी माजतो, म्हणून रस्त्याकडच्या वेली तेवढ्या साध्या पाण्याने धुतल्या. त्यांतल्या दोन ओळींची पाने गेलीच. बाकीची बाग राहिली. त्या आठ रात्री त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता, असे सूनबाई सांगत होती. शत्रूवर हात उगारणे सोपे. हात आवरून मित्रावर विसंबणे, तेही मोहरीएवढ्या मित्रावर, फार अवघड!

यंदा दिवाळीची जळमटे काढताना कोपऱ्यातला एक कोळी मी मुद्दाम राहू दिला आहे. हिच्या नजरेस तो अजून पडलेला नाही. पडला म्हणजे त्याचे आणि माझे काय होईल, ते सांगवत नाही.