बारा आठवड्यांची मुदत

माझी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी बंगळूरच्या खासगी प्रयोगशाळेत इंटर्नशिपला रुजू झाल्यापासून गोव्यातील साखळी गावच्या घरी, वाळवंटी नदीला पूर चढत असता, एकच प्रश्न माझा पिच्छा पुरवीत आहे: बारा आठवड्यांत पुरा होईल आणि तरीही आयुष्यातील बारा आठवडे देण्याच्या योग्यतेचा असेल, असा प्रश्न क्वांटम संगणनाच्या सिद्धांतात निवडावा कसा?

नवी रीत मुदतीत सापडू शकते. त्याहून वेगवान रीत असूच शकत नाही, ही सिद्धता मात्र कोणाचाच हुकूम मानीत नाही. दहा लाख नोंदींतून एक हुडकण्यास हजाराच्या घरातील विचारणा पुरतात, हे लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली दाखविले. परंतु त्याहून फारशी सुधारणा अशक्य, हे बेनेट, बर्नस्टीन, ब्रासार आणि उमेश वझिरानी यांनी ती रीत हाती येण्यापूर्वीच ठरविले होते, आणि माझे मन आजही त्या नकारावरच अधिक जडलेले आहे.

प्रयोगशाळांना मात्र किती यंत्र आणि किती वेळ लागेल याचा जमाखर्च हवा असतो. २०४८ बिटांची आरएसए ही सांकेतिक किल्ली फोडण्यास दोन कोटी क्युबिट, म्हणजे क्वांटम बिट, आणि आठ तास लागतील, हा गिडनी आणि एकेरो यांचा २०१९ चा अंदाज. २०२५ मध्ये गिडनी यांनीच क्युबिट दहा लाखांच्या आत आणले, वेळ मात्र वाढून आठवड्याच्या आतला झाला. हे काम कष्टाचे आणि प्रामाणिक आहे. पण २०२३ साली ६,००३.६५ कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झाल्यापासून जो तो तरुण या जमाखर्चाकडेच वळतो, आणि अर्धवट सिद्धतेची वही दप्तरात बंद राहते, याचे मला मनापासून दुःख आहे. अशा सिद्धतेच्या मागे लागून काय हाती येते पाहा: संगणकशास्त्रज्ञ ॲरनसन यांनी पदवीच्या वर्गातील युइन टँगला शिफारशींच्या गणितात क्वांटम यंत्राचा वरचष्मा अढळ आहे हे सिद्ध करावयास दिले. २०१८ साली तिच्या हाती साध्या संगणकाचीच वेगवान रीत आली. असा प्रश्न आपण कोणाला तरी द्यावा, आणि तो आपल्या नावाने ओळखला जावा, ही हाव माझ्याही मनातून गेलेली नाही. विद्यार्थिनीने तिथला प्रश्न कळविला तेव्हा तो माझ्या प्रश्नाहून सरस तर नाही ना, हेच मी प्रथम पाहिले.

काल तिने विचारले, "सर, सीमा हलत नाही. प्रश्न बदलू का?"

मी म्हटले, "परिपथाची खोली स्थिर धर, क्युबिट एका रांगेत मांड, आणि तेवढेच पुरे सिद्ध कर. बाकीचे इथे आल्यावर पाहू."