क्वार्टरमागची सांदवाडी

दसरा झाला की घुग्घुसच्या आमच्या कॉलनीत क्वार्टरांच्या मागे कुदळी निघायच्या. पुढच्या दारी खाणीचं राज्य होतं: भोंगा, पाळ्या, कोळशाच्या ट्रकांची रांग. मागच्या दारी सांदवाडी, आणि तिथे आजीचा शब्द शेवटचा. आम्ही चुलत-आते भावंडं त्या एका क्वार्टरात वाढलो. मातीबद्दल आम्हाला जे काही कळतं ते तिथलंच.

आजी-आबाजी मूलकडचे, झाडीपट्टीतले. १९७३ साली कोळसा खाणी सरकारी झाल्या, पगाराची शाश्वती आली आणि धानाच्या बांधीत वाढलेली किती तरी माणसं इकडे खाणीवर लागली. आमच्या रांगेत तेलुगू घरं होती, छत्तीसगढची होती, वर्धा नदीपलीकडच्या वणीकडचीही होती. कोणाचंच शेत इथे नव्हतं. क्वार्टरही कंपनीचं, आज ना उद्या सोडायचं. तरीही प्रत्येक घरामागे वाफे होते, आणि ते अशा निगुतीने राखलेले की जणू सात-बारा त्यांच्याच नावावर आहे.

आश्विनात आधी पावसाळ्याची आवरासावर. दोडक्या-कारल्याचे वाळलेले वेल मांडवावरून ओढून काढायचे, पण बियाण्यासाठी राखलेल्या दोडक्याला हात लावायचा नाही. कोहळे उतरवायचे ते देठ ठेवून. देठ मोडला की कोहळं टिकत नाही, म्हणून ते काम आजी पोरांकडे देत नसे. खाटेखाली तणस पसरून त्यावर कोहळे मांडले जायचे आणि दिवाळीत त्यातल्याच एकाची गोड बोंडं तळली जायची.

मग खणणं. काळी माती वरून भेगाळलेली, आतून चिकट. आबाजी रातपाळी करून यायचे, चार घास खाऊन झोपायचे आणि दुपारी उठले की सब्बल घेऊन मागे जायचे. दिवसरात्र जमीन खोदणारा माणूस घरी येऊनही जमीनच खोदतो, याचं तेव्हा आम्हाला काही वाटलं नाही, आज वाटतं. मातीतून कोळशाचे खडे निघत. आम्ही ते घमेल्यात वेचायचो आणि संध्याकाळी ते सिगडीत जायचे. उलथलेल्या ढेकळांना चांगली उन्हं खाऊ द्यायची, मग शेणखत, मग वाफे. मोरीचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेल असा दांड आबाजी फावड्याच्या पाठीने एकदाच ओढायचे आणि तो कधी चुकायचा नाही.

मेथी, पालक, मुळा, लसूण, वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरायच्या आधी धने फरशीवर पसरून चपलेखाली हलके रगडायचे, म्हणजे एका दाण्याच्या दोन फाका होतात. जोर जास्त झाला की आतलं बी दुखावतं. आजी आमच्या पायाकडे बघत उभी राहायची. ‘‘पोट्टेहो, नाचू नोका, रगडा.’’ नागपुरी सांबारवडी आता दुकानात मिळते, तरी हिवाळ्यात तिचा वास आला की आम्हाला आधी ते फरशीवरचे धने आठवतात.

अंबाडी मात्र सगळ्या रांगेची. कार्तिकात तिची लाल फुलं भरली की शेजारच्या तेलुगू काकू पाट टाकून बसायच्या. त्यांना पाल्याची आंबट चटणी हवी असायची, आम्हाला फुलांचं शरबत. फुलाच्या मधलं बोंड काढायला एक पोकळ नळी असे; देठाकडून दाबली की बोंड टपकन बाहेर आणि लाल पाकळ्या हातात. दुपारभरात बोटं गुलाबी होऊन जायची.

भाऊबीजेला आजी माहेरी जायची, कोहळं घेऊन. येताना नवा तांदूळ आणायची आणि वाटेत पाहिलेल्या नाटकाची गोष्ट. धान घरात आलं की झाडीत रात्र रात्र नाटकं रंगतात, ती आजही. पुढे पुढे तिच्या पिशवीत एचएमटी यायला लागला, बारीक आणि सुवासिक. तो तांदूळ आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून, दरसाल पेरून, पारखून तयार केला. शाळेची पायरी फार न चढलेला, तुटपुंज्या जमिनीचा धनी. लोकप्रिय घड्याळाचं नाव त्या वाणाला मिळालं, ते देशभर गेलं. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले तोवर त्यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडं आलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि त्याची चुटपुट आजही आहे. दर साली चांगली लोंबी बाजूला काढणारी नजर आजीकडेही होती, त्या रांगेतल्या किती तरी बायकांकडे होती. त्यांची नोंद कुठेच नाही.

थंडी पडली की वालाच्या वेलावर मावा यायचा. त्यावर चुलीतली राख, तीही पहाटे, पानावर दव असतानाच. ऊन चढलं की ती चिकटत नाही. पण पानांवर आणखी एक काळा थर बसायचा, तो कोणी टाकलेला नव्हता. मेथी म्हणूनच सात पाण्यांनी धुतली जायची. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूर परिसराला अतिप्रदूषित ठरवलं तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. आमच्या घरी ती बातमी परातीच्या तळाशी रोज दिसत होती. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात आख्खं घर जमिनीत गडप झालं, माणसं तेवढी वेळेवर बाहेर पडली, तेव्हा आम्हा भावंडांचे फोन रात्री उशिरापर्यंत चालू होते. ज्या मातीवर आजीने इतका भरवसा ठेवला, तिच्या पोटात काय काय पोकळ असेल, हा विचार कोणाच्याच मनातून जाईना.

आबाजी रिटायर झाले ते ऐन कार्तिकात. क्वार्टर सोडायचं ठरलं होतं, तारीख माहीत होती. तरी आजीने दसऱ्यानंतर नेहमीसारखे वाफे केले, नेहमीसारखं पेरलं. आत्या चिडली, एवढी मेहनत कोणासाठी म्हणून. आजी म्हणाली, ‘‘ज्याले खायचं तो खाईल. जमीन काहून उपाशी ठेवाची?’’ सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा नवं कुटुंब आलं, छत्तीसगढचं. त्यांच्या घरच्या बाईंना आजी हाताला धरून मागे घेऊन गेली. लसूण कुठे आहे, सांबार कुठे, वालाला पाणी बेतानेच द्यायचं, राख पहाटेच टाकायची. पदराच्या गाठीतलं अंबाडीचं बी त्यांच्या हातावर ठेवलं आणि नळ किती वाजता येतो ते सांगितलं.