झाकणाखालचा थेंब

मे महिना. जळगावात पारा ४४ वर गेला की माझं लक्ष आधी व्हायलच्या, म्हणजे नमुन्याच्या चिमुकल्या बाटल्यांच्या, झाकणांकडे जातं. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं. सुईनं एकदा टोचलेल्या सेप्टमखाली, म्हणजे झाकणातल्या चकतीखाली, ते कितीसं टिकणार? द्रावक उडालं की नमुना दाट होतो आणि आकडा फुगतो. तो आकडा रावेरच्या केळीतल्या कीटकनाशकाचा असला तर? युरोपात अनेक कीटकनाशकांची मर्यादा किलोला जेमतेम ०.०१ मिलिग्रॅम. अशा वेळी शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट पणाला लागलेले असतात. म्हणून टोचलेलं झाकण बदललंच पाहिजे, याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

या चकतीची टेफ्लॉनची बाजू आत, नमुन्याकडे. सिलिकोन आत आलं तर तेच द्रावकात उतरतं.

शिरपूरला फार्मसीची मुलं विचारतात, "मॅडम, साधी पारदर्शक व्हायल चालेल ना?" बोरोसिलिकेटची असेल तर बहुतेकदा चालते. पण हळदीतलं कर्क्युमिन उजेडात विघटित होतं, त्याला तपकिरीच हवी. काही अल्कधर्मी औषधं काचेलाच चिकटून बसतात. तिथे सिलेनाइज्ड काच किंवा पॉलिप्रॉपिलीन. नमुना थेंबभरच असेल तर आत निमुळतं इन्सर्ट. आणि व्हायलचा नवा लॉट आला की नुसतं द्रावक भरून एक ब्लँक चालवायचाच.