पुष्ट काळ, कृश काळ

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरी दुधावरून एक वाद हटकून निघतो. बासुंदीसाठी ठेवलेले दूध तासभर आटत असते आणि सौभाग्यवती माझ्याकडे अशा नजरेने पाहत असतात की जणू त्यात पाणी मीच घातले आहे. "अहो, आमच्या आईकडे दिवाळीत दूध कसं दाट असायचं! साय नुसती बोटाएवढी!" या वाक्याने वादाला तोंड फुटते.

सासूबाईंचे म्हणणे खरे असणार. त्यांच्या दारात गवळी येई आणि त्याच्या दुधाला ऋतू होते. आमच्या दारात पिशवी येते. तिच्यावर छापलेले असते की स्निग्धांश 3 टक्के आणि स्निग्धेतर घनपदार्थ साडेआठ टक्के. चैत्रात तेच आणि कार्तिकातही तेच. त्यामुळे दूध ही नळाच्या पाण्यासारखी बारमाही वस्तू आहे, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. ती समजूत काढली माझ्याच एका विद्यार्थ्याने.

2023 च्या दिवाळीच्या आधी तो रजेचा अर्ज घेऊन आला. कारण लिहिले होते, 'पुष्ट काळ सुरू झाला असून घरी धारा काढण्यास माणूस नाही.' मी मराठीचा अध्यापक. 'पुष्ट काळ' म्हणजे साहित्यशास्त्रातली एखादी संज्ञा आपल्या नजरेतून सुटली की काय, अशी मला क्षणभर शंका आली. विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, डेअरीतला शब्द आहे. दूध वाढतं तो पुष्ट काळ आणि आटतं तो कृश काळ. तुम्ही आमच्याकडं याच, म्हणजे दिसंल." इतके अस्सल संस्कृत शब्द बीड जिल्ह्यातल्या गोठ्यात नांदतात हे ऐकून मी तत्काळ पिशवी भरली.

पुण्याहून एस. टी. ने नगर गाठावे. (तेव्हाचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर.) तिथून पुढच्या रस्त्याची मोठी मौज आहे. कडा आणि आष्टी ही गावे बीड जिल्ह्यात. मग मध्येच जामखेड लागते, ते पुन्हा नगर जिल्ह्यात. आणि सौताड्याचा घाट चढलात की पुन्हा बीड! सौताड्याला पावसाळ्यात विंचरणेचा धबधबा पाहायला माणसे लोटतात. घाट चढून आलो की आपण बालाघाटाच्या पाठीवर असतो. उघडेबोडके माळ, तांबूस खडक आणि त्या खडकातच जिद्दीने उभी असलेली सीताफळीची झाडे. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जमिनीवर दुसरे फारसे काही येत नाही, तिथे हे फळ साखरेसारखे गोड व्हावे, हा निसर्गाचा न्यायच म्हणायचा.

पण त्या दिवशी माझे लक्ष फळांपेक्षा समोरून येणाऱ्या वाहनांकडे होते. ट्रक आणि ट्रॅक्टर खाली घाटाकडे निघाले होते. वर गाठोडी, हंडे, चुलीची लोखंडी पत्रे, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे व लेकरे. ऊसतोडीला निघालेले हे बीडकर. पश्चिम महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे साखर कारखाने पेटले की जिल्ह्यातली लाखो माणसे पाच-सहा महिने घर सोडतात. त्यांची मोजणीही कोयत्याने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती अंगावर फिटेपर्यंत ऊस तोडायचा. माझ्या विद्यार्थ्याचे आईवडीलही आदल्याच आठवड्यात गेले होते. धाकट्या बहिणीलाही त्यांनी बरोबर नेले होते. घरी राहिली होती आजी आणि दोन गाई.

पहाटे साडेचारला आजींनी मला उठवले नाही. त्यांच्या बादलीच्या आवाजाने मी उठलो. वय सत्तरीच्या पुढे. गाईच्या पाठीवरून हात फिरवून त्या खाली बसल्या आणि धारेचा तो आवाज सुरू झाला. मी उगाच म्हणालो, "आजी, सणाचा दिवस आहे, जरा उशिरा उठला असता." त्या मान न वळवता म्हणाल्या, "मास्तर, गाय काय दिवाळीची सुट्टी घेती व्हय?"

सहाच्या सुमारास आम्ही किटल्या घेऊन संकलन केंद्रावर गेलो. गावात त्याला नुसते 'डेअरी' म्हणतात. पूर्वी अशा केंद्रांवर गंधकाम्ल घातलेल्या काचेच्या नळ्या फिरवून दुधातले लोणी मोजत. आता लहानसे यंत्र असते. त्यात दुधाची नळी बुडवली की मिनिटभरात चिठ्ठी बाहेर येते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हा भावाचा मापदंड; त्याखाली एकेक पॉइंट उतरला की पैसे उतरतात. मी मिस्कीलपणे आजींना पाण्याबद्दल विचारले. त्यांचा चेहरा असा झाला की शब्द गिळता आले तर बरे, असे मला वाटले. "पाणी घालून काय मिळणार, मास्तर? डिग्री खाली, दर खाली. आन वर गावात तोंड काळं." हिशेब बिनचूक होता. जिथे चिठ्ठी निघते तिथे पाण्याला मोल नाही. भेसळीचा मोह सुटतो तो पुढच्या वाटेवर, सणाची मागणी दुधापेक्षा मोठी होते तेव्हा. (गृहिणींसाठी एक सोपी युक्ती सांगून ठेवतो. चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात आयोडीनचा थेंब टाकावा; निळा रंग आला तर त्यात पिठूळ पदार्थ आहे असे समजावे.)

पुष्ट काळाचे गणित मला त्या केंद्राच्या ओट्यावरच उमगले. म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत वितात. रानात गवत असते, ज्वारीचा कडबा पुढे यायचा असतो, हवा थंड होत जाते. संकरित गाई बाराही महिने वितात, पण थंडी त्यांनाही मानवते. म्हणून दिवाळीपासून दूध चढत जाते. फाल्गुनानंतर उतार लागतो आणि वैशाखात तळ दिसतो. प्रतीचेही असेच आहे. पहिल्या पावसाचे कोवळे गवत भरपूर खाल्ले की दूध वाढते, पण पातळ होते. थंडीत फॅट चढते. उन्हाच्या काहिलीत दूध आणि फॅट दोन्ही पडतात. जातीजातींचाही फरक आहेच. इथली लाल कंधारी गाय थोडे पण कसदार दूध देते आणि दुष्काळ सोसते. होल्स्टीन रक्ताची संकरित गाय बादली भरते, पण तिला सावली, पेंड आणि पाणी सगळे वेळेवर लागते. मराठवाडी म्हशीच्या दुधाची साय पाहिली आणि मला सासूबाई आठवल्या.

चढत्या दुधाचे करायचे काय, हा प्रश्न जुना आहे. मुंबईत 1949 साली आरे दूध वसाहत उभी राहिली, तेव्हा बीड निजामी राजवटीतून सुटून पुरते दीड वर्षही झाले नव्हते. दूध शहरात न्यायला धड रस्ते नव्हते, आणि रेल्वे तर बीड शहराला दिसली ती 2025 च्या 17 सप्टेंबरला! मग माणसांनी आपला तोडगा काढला. दूध नासायच्या आत कढईत आटवायचे. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा होतो. तो टिकतो आणि डोक्यावरूनही नेता येतो. बालाघाटाच्या कुशीत शेजारच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा यातूनच नावारूपाला आला आणि त्यालाही आता भौगोलिक मानांकन आहे. खवा म्हणजे पुष्ट काळ आटवून ठेवण्याची रीत. 1970 साली डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली दुधाचा महापूर योजना सुरू झाली. पुढे मराठवाड्यात उदगीरला दूध भुकटीचा सरकारी प्रकल्प आला. त्यामागेही तोच विचार होता की हिवाळ्याचे दूध भुकटी करून उन्हाळ्याला पुरवावे. उदगीरचा तो प्रकल्प पुढे बंद पडला.

आणि भुकटीचेही दैव बाजाराच्या हाती. 2023 च्या जुलैत सरकारने गाईच्या दुधाला लिटरला 34 रुपये किमान दर ठरवला. पण भुकटीचे आणि लोण्याचे भाव कोसळले आणि दिवाळीपर्यंत तो दर 27 रुपयांच्या आसपास आला. जानेवारी 2024 मध्ये लिटरला 5 रुपयांचे अनुदान सुरू झाले. म्हणजे गोठ्यात पुष्ट काळ आणि चिठ्ठीवर कृश काळ! शहरातल्या पिशवीचा भाव त्या मानाने उतरल्याचे मला तरी स्मरत नाही.

आजींनी देवळीतून एक वही काढून दाखवली. डेअरीच्या चिठ्ठ्या दहा-दहा दिवसांनी तीत चिकटवलेल्या. दहा दिवसांच्या रकमेला गावात 'पगार' म्हणतात. आजींना वाचता येत नाही. पण आकडा डोंगर चढतो आहे की उतरतो आहे, हे त्या कागदाच्या लांबीवरून ओळखत. मी त्यांना विचारले, "दूध आहे, पगार आहे, मग मुलगा-सून उसाला का गेले?" आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उचल एकरकमी भेटती, मास्तर. गाय थेंबाथेंबानं देती."

पुन्हा गेलो तो 2024 च्या मे महिन्यात. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता; ऑक्टोबर 2023 अखेरीस सरकारने दुष्काळ जाहीर केला, त्यात जिल्ह्यातले अंबाजोगाई, धारूर आणि वडवणी हे तालुके होते. सौताड्याच्या कड्यावर पाण्याचा टिपूस नव्हता. गावात टँकर येई. संकरित दुभत्या गाईला उन्हाळ्यात रोज शंभर लिटरच्या घरात पाणी लागते. त्या घरातली माणसे घागरीने अंघोळ करीत आणि गाय पिंपाने पाणी पीत होती. दोनांपैकी एक गाय आटली होती, दुसरीची चिठ्ठी साडेतीनच्या खाली उतरली होती. आजींना एकटीने वैरण-पाणी झेपले नव्हते, हे कोणी बोलून दाखवले नाही. आईवडील परत आले होते. मुलीचे वर्ष बुडाले होते. ती अंगणात बसून वहीतल्या चिठ्ठ्यांवरचे आकडे मोठ्याने वाचत होती आणि आजी कौतुकाने ऐकत होत्या.

विद्यार्थ्याचे वडील बोलले ते 2019 च्या छावणीबद्दल. त्या वर्षी मराठवाड्यातल्या बहुतेक चारा छावण्या एकट्या बीड जिल्ह्यात होत्या. जनावरांबरोबर माणसेही पालाखाली राहत. "छावणीत पहिल्यांदा हिशेब केला, सर," ते म्हणाले. "उसात गेलो तर दोघं राबतो, लेकरू बुडतं. गाईपाशी एकजण थांबला तर लेकरू तरतं. पण धीर होत न्हाई."

त्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला. 2024 च्या दिवाळीत तिसऱ्यांदा घाट चढलो, या वेळी सौभाग्यवतींना घेऊन. ट्रक-ट्रॅक्टर तसेच घाटाखाली निघाले होते. विद्यार्थ्याचे वडील त्यातल्याच एका गाडीने गेले होते, पण एकटे. पुरा कोयता नव्हता म्हणून उचल कमी मिळाली. ती कमी कशी पुरवायची हा घोर सगळ्यांच्या तोंडावर होता. पण गोठ्यात आता तीन गाई होत्या, मक्याचा मुरघास भरून ठेवला होता, आणि धार काढायला आई घरी होती.

बायकांची गट्टी जमायला वेळ लागत नाही. आमच्या सौभाग्यवती चुलीपाशी बसून दूध आटवू लागल्या. अर्ध्या तासात पळी जड झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मग आजींना म्हणाल्या, "इतकं दूध घरात ठेवलंत? डेअरीला कमी पडलं असेल ना!" आजी म्हणाल्या, "पडू द्या. वर्षातून एक दिवस आमीबी दूध खावं की."

पुढचे सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की दुष्काळाची सवय असलेल्या या मुलखात गुरे पुरात वाहून गेली. त्या आठवड्यात मी विद्यार्थ्याला फोन केला. डोंगरावरचे गाव म्हणून त्यांचा गोठा वाचला होता. मात्र रस्ता बंद होता आणि तीन दिवसांचे दूध केंद्रावर गेले नव्हते. मी हळहळलो. तो म्हणाला, "वाया नाही गेलं, सर. आजीनं कढई चढवली."

आणि ती धाकटी? ती शाळेत जाते. सकाळी डेअरीची चिठ्ठी तीच आणते, आजींना वाचून दाखवते, वहीत चिकटवते आणि दप्तर घेऊन निघते. दूध चढो की उतरो, शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे त्या हिवाळ्यात एकही महिना कोरा नव्हता.

आमच्या घरी पिशवी अजून तीच येते. तीच 3 टक्के, तीच साडेआठ. फक्त बासुंदी आटायला वेळ लागला तर आता वाद होत नाही. सौभाग्यवती गॅस बारीक करतात आणि विचारतात, "अहो, आजींकडे यंदा फॅट किती लागते आहे, विचारलंत का?"