पावतीवरचे नाव

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे वाक्य शाळेपासून आपण सारेच लिहीत आलो आहोत. परीक्षेत ते लिहिले की गुणही मिळतात. त्यातल्या तिसऱ्या गरजेचा अर्थ मात्र मला कळला तो लालबागमधल्या आमच्या चाळीच्या जिन्यात चिकटवलेल्या एका नोटिशीमुळे.

नोटीस महापालिकेची होती. 'मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३५४ अन्वये' अशी सुरुवात, मध्ये कुठेतरी 'सी-१ प्रवर्ग', आणि शेवटी इमारत रिकामी करण्याचा आदेश. चाळीतली माणसे नोटिशीभोवती जमली होती. पण भाषा सरकारी, वाक्ये हातभर लांब. कोणीतरी मला पुढे ढकलले. "तू कॉलेजात जातेस ना? वाच बघू." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आईने चौथीत शाळा सोडली. माझ्या शिक्षणाचा घराला पहिला उपयोग झाला तो असा: आपले घर राहण्यास योग्य नाही, हे मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले.

नोटिशीवर रागावण्यातही अर्थ नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत आणि जुलै २०२० मध्ये फोर्टमधील भानुशाली इमारतीत तेच घडले. आमच्याही जिन्याला टेकू लागलेले. पावसाळ्यात आजी रात्रभर छताकडे बघत पडून राहत असे. तरीही माणसे विचारीत होती ते एवढेच: "जायचं कुठं?"

मग सुरू झाल्या कचेऱ्यांच्या फेऱ्या. बाबा मिरची गल्लीत एका दुकानात कामाला. रजा घेतली की पगार कापला जातो. म्हणून कागदांची पिशवी घेऊन मीच जाऊ लागले. पहिला प्रश्न सगळीकडे एकच: "इमारत उपकरप्राप्त आहे का?" हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मुंबई शहरातील जुन्या, भाड्याच्या इमारतींची दुरुस्ती व्हावी म्हणून १९६९ साली कायदा झाला. अशा इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला गेला. तेव्हा त्यांची संख्या १९,६४२ होती. पुढे १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाली आणि दुरुस्ती मंडळाचे काम तिच्याकडे आले. इमारत उपकरप्राप्त असेल आणि खाली करावी लागली, तर पर्यायी जागेची जबाबदारी या मंडळावर येते. आमच्या भाडेपावतीवर भाड्याच्या खाली 'दुरुस्ती उपकर' असा बारीक अक्षरांतला रकाना सापडला, तेव्हा लॉटरी लागावी तसा आनंद झाला.

पर्यायी जागा म्हणजे संक्रमण शिबिर. ते गोरेगावला असेल, मालाडला असेल किंवा मानखुर्दला. तेथे राहून वीस-वीस, तीस-तीस वर्षे झालेली कुटुंबे आहेत, हे चाळीत सर्वांना ठाऊक आहे. ज्यांची मूळ इमारत पुन्हा उभीच राहिली नाही, अशांसाठी म्हाडाची 'बृहतसूची' असते. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी म्हाडाने ९६ इमारती अतिधोकादायक ठरवल्या आणि तेथील जे रहिवासी स्वतः जागा शोधतील त्यांना दरमहा २०,००० रुपये भाडे देण्याचे ठरवले. म्हणजे मदत नाही असे नाही. पण ती मिळण्यासाठी आधी तुम्ही कोण आहात ते सिद्ध करावे लागते.

आमची पावती आजोबांच्या नावावर आहे. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचे खाते पुन्हा उघडले नाही. ते जाऊनही बरीच वर्षे झाली. मृत माणसाच्या पावतीने काय होणार, या काळजीने आई जेवेना. पण भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क मिळू शकतो. शिवाय इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्यूचा दाखला, जुने रेशनकार्ड, मतदार यादी, विजेचे बिल असा एकेक कागद जोडत आमचे प्रकरण मार्गी लागले.

मावशीचे लागले नाही.

मावशी आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहते. साताऱ्याकडून लग्न होऊन आली, लवकरच नवरा गेला, आणि तिने खानावळ चालवली. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. पाळीवरून येणाऱ्या कामगारांना त्यांनी जेवू घातले. कर्जासाठी त्यांना कोणी दारात उभे करीत नसे. म्हणूनच १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. मावशीची खोली ज्याच्या नावावर, तो कामगार संपानंतर गावी गेला तो परतला नाही. तेव्हापासून दर महिन्याचे भाडे मावशी भरते. पावती मात्र त्याच्या नावाने फाटते. विजेचे बिलही त्याच्याच नावाचे.

मोजणीला माणसे आली, खोल्यांची लांबी-रुंदी मोजून नावे लिहून घेऊन गेली. पुढे यादी लागली. मावशी मला म्हणाली, "पोरी, माझं नाव हाय का गं त्यात?" मी यादी दोनदा वाचली. तिच्या खोलीसमोर नाव होते. ते त्या गावी गेलेल्या माणसाचे.

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी ओल्गा टेलिस खटला शिकवला होता. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांनी देशाला मिळवून दिलेला हा निकाल! मी पुन्हा ग्रंथालयातून पुस्तक काढून तो वाचला. पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना, असे तिथेही आहेच. हक्क माणसाचा आणि जागा ओळखपत्राची, हे तेव्हाही सुटलेले नव्हते.

आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय करावे? दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, असा दंडक आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सुमारे सव्वाशे निवारे हवेत. आपण दादर ते परळ रोज चालतो. पुलाखाली निजलेली माणसे पाहिली की हिशेब कुठे चुकला ते मोजावे लागत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण गिरगाव, परळ, नायगावच्या चाळींतून येतात. आज घरी गेल्यावर ट्रंक उघडून बघा. पावती कोणाच्या नावावर आहे? तिच्यावर उपकर आहे का? आपल्या मजल्यावर कोणी असे आहे का, जे भाडे भरते आणि ज्याचे नाव कुठेच नाही? हे बघायला पदवी लागत नाही, पण वाचता येणारे कोणीतरी लागते.

मावशीचा अर्ज मी लिहिला. नोटिशीच्या भाषेतच लिहिला, 'अन्वये' आणि 'उपरोक्त'सह. सोबत तीन निवडणुकांच्या मतदार याद्यांतले तिचे नाव, रेशनकार्ड आणि तिच्या हातचे जेवलेल्या दोन वृद्ध कामगारांचे जबाब जोडले. तिने सही केली. सही करायला तिला मीच शिकवले होते. अर्जाची पोच मिळाली आहे, निर्णय अजून नाही. आम्हांला शिबिरातली खोली मिळायची आहे. ती मिळाल्यावर मावशीने कुठे राहायचे, हे आईने कोणालाही न विचारता ठरवून टाकले आहे.

— द्वितीय वर्ष, कला